आईचा रिफंड

आईच्या पासबुकात दर तिमाहीला दोन ओळी एकाखाली एक यायच्या. वरच्या ओळीत व्याज जमा, ३४,६०० रुपये. खालच्या ओळीत टीडीएस, म्हणजे बँकेने आधीच कापलेला आयकर, ३,४६० रुपये. आई घरखर्चाची वही ठेवते. त्या वहीत ती थेट ३१,१४० लिहायची. हातात आले तेवढेच आपले, असं तिचं म्हणणं. कापले ते सरकारजमा झाले, विषय संपला.

२०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी मी मिरजेला गेले होते. विजेचं बिल भरायचं म्हणून तिने कागदांची पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि त्यात हे पासबुक होतं. मी पानं उलटत गेले. दोन ओळी, दोन ओळी, पुन्हा दोन ओळी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं दुसऱ्या बँकेत आहे. त्या पासबुकातही तेच: ३०,७५० जमा, ३,०७५ वजा.

"आई, तू रिटर्न भरतेस का गं?"

"मला कुठला टॅक्स बसतोय? बाबा असताना ते भरायचे त्यांचं."

मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. माझा फॉर्म १६, म्हणजे ऑफिसने कापलेल्या कराचा दाखला, येतो, जुलैमधल्या एखाद्या रविवारी मी रिटर्न भरून टाकते, आणि ऑफिसने कर नेमका कापलेला असल्यामुळे शेवटी शून्य तरी येतं नाहीतर शे-दोनशे रुपयांचा फरक. ही गोष्ट मी दहा-बारा वर्षं करतेय. आणि बाबा गेल्यापासूनच्या चार वर्षांत एकदाही आईला विचारलं नव्हतं, की तुझं काय. हे मला फार लागलं. अजून लागतं.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. २०२१ च्या मे महिन्यात गेले. त्यांच्या ठेवी आईच्या नावावर झाल्या, कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं, पुढे २०२३ मध्ये १५ लाख रुपये ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवले. हे सगळं दादाने धावपळ करून केलं आणि नीट केलं. फक्त रिटर्न हा शब्द आमच्यापैकी कुणाच्या तोंडी आला नाही, कारण 'टॅक्स बसत नाही' या वाक्यावर सगळे निर्धास्त होतो.

ते वाक्य अर्धंच खरं आहे. टॅक्स बसत नाही हे खरं. पण म्हणून बँक कापायची थांबत नाही. बँकेला फक्त तिच्याकडचं व्याज दिसतं. ज्येष्ठ नागरिकाचं वर्षाचं व्याज २०२४-२५ मध्ये ५०,००० च्या वर जाणार असेल तर कायद्याने बँकेला १० टक्के कापावेच लागत होते. (एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १ लाख झाली.) त्या माणसाचं बाकीचं उत्पन्न किती, त्याला सवलत किती, शेवटी त्याचा कर निघतो की नाही, हे बँकेला ठाऊक नसतं. ते सांगायची जागा म्हणजे रिटर्न. आपण सांगितलंच नाही, तर कापलेले पैसे तिकडेच राहतात. कुणी आपणहून घरी आणून देत नाही.

आणि दुसरं, जे मलाही धड माहीत नव्हतं: उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर गेलं, की शेवटी कर शून्य निघत असला तरी रिटर्न भरणं बंधनकारक असतं. आईचं उत्पन्न ३ लाखांच्या वर होतं. म्हणजे भरायलाच हवं होतं.

८ जूनच्या रविवारी मी पुन्हा मिरजेला गेले, लॅपटॉप घेऊन. पण लॅपटॉप उघडायच्या आधी आईच्या वहीचं एक पान फाडून घेतलं. लॅबमधली सवय आहे. यंत्राने दिलेला आकडा हाती येण्याआधी साधारण काय यायला हवं याचा अंदाज डोक्यात असावा लागतो, नाहीतर चुकीचा आकडाही बरोबर वाटतो. रिफंडचंही तसंच आहे असं माझं ठाम मत झालंय. आयकर खात्याच्या पोर्टलने दाखवला तो रिफंड, असं नसतं. तो आधी आपल्याला कागदावर काढता यायला हवा.

तर कागद असा. कुटुंब निवृत्तिवेतन वर्षाचं मिळून १,७७,६००. त्यातून नव्या करप्रणालीत (कर मोजायच्या नव्या आणि जुन्या अशा दोन पद्धती आहेत) एक तृतीयांश किंवा २५,००० यांपैकी जे कमी ते वजा होतं. म्हणजे २५,००० गेले, राहिले १,५२,६००. ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज ८.२ टक्क्यांनी १,२३,०००. मुदत ठेवींचं चार तिमाहींचं १,३८,४००. बचत खात्याचं ४,२१२. बेरीज ४,१८,२१२.

नव्या प्रणालीत २०२४-२५ साठी पहिल्या ३ लाखांवर कर नाही, त्यापुढे ७ लाखांपर्यंत ५ टक्के. म्हणजे वरच्या १,१८,२१२ वर ५,९१० रुपयांच्या आसपास कर. पण कलम ८७ ए खाली ७ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्याला २५,००० पर्यंतची सूट आहे, त्यात हा सगळा कर मावतो. देणं शून्य.

आई शेजारी बसून बघत होती. तिने विचारलं, "मग जुन्या पद्धतीने काय होतंय ते पण बघ की." बघितलं. तिथे निवृत्तिवेतनातून १५,०००च वजा होतात, पण ज्येष्ठांना व्याजावर ५०,००० ची वजावट मिळते. उत्पन्न ३,७८,२१२ वर येतं, आणि ५ लाखांच्या आत असल्यामुळे तिथेही कर शून्य. दोन्हीकडून तेच. मग नवीच ठेवली, कारण ती आपोआप लागू असते.

आता कापलेले पैसे. मुदत ठेवींवर ३,४६० चौक १३,८४०. योजनेवर ३,०७५ चौक १२,३००. एकूण २६,१४०.

देणं शून्य, दिलेले २६,१४०. म्हणून परत यायचे २६,१४०. पानाच्या खाली मी त्या आकड्याभोवती चौकट काढली. आईने चष्मा पुसून पुन्हा घातला आणि चारही बेरजा स्वतः करून बघितल्या. तोंडी. तिचं गणित माझ्यापेक्षा पक्कं आहे.

"एवढे?" ती म्हणाली. तिचं दोन महिन्यांचं घर यात निघतं.

मग लॅपटॉप उघडला. आईच्या पॅनवर खातं काढलं, आयटीआर-१ हा रिटर्नचा फॉर्म निवडला. व्याजाचे आकडे आधीच भरलेले होते. निवृत्तिवेतन मात्र पोर्टलने आपणहून दाखवलं नव्हतं, ते मी हाताने घातलं. पासबुकावर जमा झालेलं उत्पन्न पोर्टलवर आधी दिसत नाही म्हणून सोडून द्यायचं नसतं, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते. शेवटच्या पानावर गोषवारा आला. करदायित्व शून्य. भरलेला कर २२,६८०. रिफंड २२,६८०.

कागदावर २६,१४०, पडद्यावर २२,६८०.

कागद नसता तर मला हा फरक कळलाच नसता. २२,६८० बघून आम्ही दोघी खूश झालो असतो आणि रिटर्न पाठवून दिलं असतं. फरक काढला तर बरोबर ३,४६०. म्हणजे मुदत ठेवींची एक तिमाही गायब. फॉर्म २६ एएस उघडला. हे म्हणजे आपल्या पॅनवर कुणी किती कर कापून भरला त्याचं सरकारकडचं पासबुक. त्यात त्या बँकेच्या तीनच नोंदी होत्या. जानेवारी ते मार्चची नव्हती. वार्षिक माहिती विवरणात, ज्याला एआयएस म्हणतात, तिथेही व्याज तेवढंच कमी.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. कर कापणाऱ्यांना शेवटच्या तिमाहीचं विवरण ३१ मेपर्यंत भरायचं असतं, आणि ते भरल्यावर आपल्या खात्यात उमटायला थोडे दिवस जातात. एप्रिल-मेमध्येच रिटर्न भरून टाकणाऱ्यांचा आकडा म्हणून अर्धवट दिसतो. मी हाताने चौथी नोंद घालू शकले असते, पण २६ एएसमध्ये नसलेली कपात मागितली की बेंगळुरूचं प्रक्रिया केंद्र ती कमी करून टाकतं आणि मग पत्रव्यवहार. थांबायचं ठरवलं. त्या वर्षी मुदतही ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर होती, घाई नव्हती.

थांबलो ते बरं झालं, कारण त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी अडल्या होत्या.

एक म्हणजे बँक खातं. रिफंड ज्या खात्यात यायचा ते पोर्टलवर आधी पडताळून घ्यावं लागतं, आणि खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळावं लागतं. आईच्या पॅनवर पूर्ण नाव आहे, बँकेत नुसती आद्याक्षरं आणि आडनाव. पडताळणी नापास. दुसऱ्या दिवशी आई पॅन आणि आधार घेऊन शाखेत गेली, अर्ज दिला, आठवड्याभरात नाव दुरुस्त झालं.

दुसरी गोष्ट लिहायला थोडी जड जाते. रिटर्न पाठवल्यावर ते ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय, म्हणजे आपणच पाठवलंय याची ऑनलाइन खात्री, करायचं असतं. सोपा मार्ग म्हणजे आधारवरचा ओटीपी. ओटीपी कुठल्या नंबरवर जाईल ते पोर्टल शेवटचे काही आकडे दाखवून सांगतं. ते आकडे बघून आई म्हणाली, "हा यांचा नंबर."

बाबांचा नंबर आम्ही २०२२ मध्येच बंद केला होता. आधार काढताना घरातला एकच मोबाइल होता, तो बाबांचा, म्हणून दोघांच्या आधारला तोच जोडलेला. तीन वर्षं आईच्या आधारचा प्रत्येक ओटीपी बाबांच्या बंद नंबरवर जाऊ शकत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. आई काही बोलली नाही. उठून चहा टाकला. मीही थोडा वेळ लॅपटॉप मिटून ठेवला.

२९ जूनच्या रविवारी तिसरी फेरी. आधी २६ एएस. चौथी नोंद आलेली होती, ३,४६०. बँकेकडून फॉर्म १६ ए, म्हणजे व्याजावर कापलेल्या कराचा दाखला, तोही आला होता, तो जुळवून पाहिला. मग रिटर्न पुन्हा पहिल्यापासून उघडलं, कारण जुन्या मसुद्यात आधीचेच आकडे राहिले असते. निवृत्तिवेतन पुन्हा घातलं, व्याज तपासलं, पुढे, पुढे, पुढे.

रिफंड: २६,१४०.

आईने वहीतलं ते फाडलेलं पान जपून ठेवलं होतं. ते आणून तिने पडद्याशेजारी धरलं. चौकटीतला आकडा आणि पडद्यावरचा आकडा. मला वाटतं, पैसे जमा झाले त्या दिवसापेक्षा हा क्षण मोठा होता. जे आपलं होतं त्याची मोजदाद सरकारच्या पानावर आपल्या कागदाशी रुपयाला रुपया जुळली होती. रिटर्न त्याच दिवशी पाठवलं. सोमवारी रजा काढून आईला आधार केंद्रावर नेलं, ५० रुपये भरून तिचा स्वतःचा नंबर जोडला. आषाढी एकादशीनंतरच्या रविवारी, १३ जुलैला, ओटीपी तिच्या फोनवर आला. तिनेच तो एकेक आकडा मोठ्याने वाचून मला सांगितला.

मधल्या काळात एक ओळखीचे काका भेटले. त्यांच्या मुलाला कुणीतरी 'जास्त रिफंड काढून' दिला होता, ते अभिमानाने सांगत होते. घरभाडं दाखवलं, देणग्या दाखवल्या, जे नव्हतं ते सगळं दाखवलं. मला राग आला, आणि मी तो लपवला नाही. रिटर्नमधला रिफंड ही आपली मागणी असते, आपल्या सहीनिशी केलेली. ती खोटी असेल तर उद्या नोटीस आपल्या दारात येते, पैसे व्याजासकट परत जातात, वर दंड. आणि रिफंड 'काढून देण्याची' वस्तू नाहीच. दिलेला कर वजा देय कर, एवढंच ते गणित. त्या दोन आकड्यांपैकी एकही कुणाच्या हातचलाखीने बदलत नाही, बदलला तर तो खोटेपणा असतो. काकांना हे पटलं की नाही माहीत नाही, पण आईला पटलं. ती म्हणाली, "आपलं तेवढंच मागायचं."

१९ ऑगस्टला ईमेल आला, कलम १४३ (१) ची सूचना. ती फाइल उघडायला पासवर्ड लागतो: पॅन लहान इंग्रजी अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख. आत दोन रकाने. डावीकडे आपण काय सांगितलं, उजवीकडे त्यांनी काय मोजलं. सगळ्या ओळी सारख्या. शेवटी मात्र उजवीकडे एक जास्तीचा आकडा होता: कलम २४४ ए खाली व्याज, ६५२.

याचा मी कागदावर विचारच केला नव्हता. मुदतीत रिटर्न भरलं असेल, तर कापलेल्या कराच्या परताव्यावर सरकार १ एप्रिलपासून रिफंड देईपर्यंत महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं. महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने, अडीच टक्के. शंभराच्या खालचे रुपये सोडून २६,१०० वर ६५२. दोन्ही मिळून २६,७९२, आणि रिफंड जवळच्या दहाच्या पटीत देतात म्हणून २६,७९०. २२ तारखेला जमा झाले. हे ६५२ रुपये पुढच्या वर्षी आईच्या उत्पन्नात दाखवायचे आहेत; रिफंड करपात्र नसतो, पण त्यावरचं व्याज असतं. मी तिच्या वहीत तशी नोंद करून ठेवली.

आता जे हातातून गेलं त्याबद्दल. २६ एएसमध्ये मागची वर्षंही बघता येतात. २०२१-२२ मध्ये ९,४३०. २०२२-२३ मध्ये १२,७६०. २०२३-२४ मध्ये, योजनेचं खातं जुलैमध्ये उघडल्यावर, २२,३४५. एकूण ४४,५३५ रुपये. या तिन्ही वर्षांत आईचा कर शून्यच होता. उशिराचं रिटर्न भरायची मुदतही केव्हाच संपलेली. हल्ली 'अपडेटेड रिटर्न' नावाची सोय आहे, ती वाचून मला क्षणभर आशा वाटली होती. पण त्यातून रिफंड मागता येत नाही, फक्त जास्तीचा कर भरता येतो.

एकच वाट उरते. कलम ११९ (२) (ब) खाली विलंब माफ करण्याचा अर्ज. खरी अडचण होती म्हणून वेळेत रिटर्न भरता आलं नाही, असं कारण देऊन तो करायचा. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं आर्थिक वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत असा अर्ज देता येतो, आणि आमची तिन्ही वर्षं त्यात बसतात. पोर्टलवरूनच केला. बाबांचा मृत्यूचा दाखला, पासबुकाची पानं, बँकेची प्रमाणपत्रं जोडली. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर आम्ही दोघी बराच वेळ अडलो. मग आई म्हणाली, "जे झालं ते लिही. हे गेले, आणि हे सगळं तेच बघत होते, मला काही माहीत नव्हतं." मी ते जवळपास तिच्याच शब्दांत लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. मंजूर झालं तरी अशा जुन्या रिफंडवर व्याज मिळत नाही. मुद्दल आलं तरी पुष्कळ.

ज्यांच्या घरी आई-वडील, आत्या, मावशी, काकू ठेवींच्या व्याजावर राहतात त्यांनी कृपा करून या आठवड्यात त्यांचं पासबुक उघडून बघा. विधवा बायकांच्या बाबतीत तर नक्कीच, कारण त्यांच्या घरी हे खातं बहुधा दुसरंच कुणी बघत आलेलं असतं. मुदत एरवी ३१ जुलैची असते. ती चुकली तर डिसेंबरअखेरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं, पण ५ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १,००० रुपये विलंब शुल्क पडतं आणि व्याजही १ एप्रिलपासून धरत नाहीत.

पुढच्या वर्षी आईचा रिफंड शून्याच्या जवळ यावा अशी माझी इच्छा आहे. पैसे आधी कापून जाऊन वर्षभराने परत येण्यापेक्षा कापलेच न गेलेले बरे. त्यासाठी ज्येष्ठ नागरिकांना एक फॉर्म असतो (२०२५ मध्ये तो १५ एच होता): माझ्या अंदाजे उत्पन्नावर कर शून्य आहे, तेव्हा टीडीएस कापू नका. तो प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा लागतो आणि दर वर्षी नव्याने, शक्यतो एप्रिलमध्येच. आधार केंद्रावर गेलो त्याच दिवशी आम्ही तो दोन्ही बँकांत दिला आणि पोच घेतली. पहिल्या तिमाहीची कपात तोवर होऊन गेली होती, ती पुढच्या रिटर्नमध्ये मागू. आईने कॅलेंडरवर ३० सप्टेंबरला खूण केली आहे. त्यानंतर पासबुक भरून आणायचं, आणि व्याजाखाली दुसरी ओळ येत नाही ना, ते बघायचं.